फिलॉसॉफीचे ऑनलाइन रिसर्च टॉक: खरा माल प्रश्नोत्तरांत

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका सीरिजचा नाहीये. फिलॉसॉफीची डिपार्टमेंटं, सोसायट्या, रिसर्च सेंटरं जे ऑनलाइन टॉक ठेवतात, झूमवर म्हणा, टीम्सवर म्हणा, युट्यूब लाइव्हवर म्हणा, त्या सगळ्या प्रकाराचा आहे. मी एमए करून बाहेर पडले, नोकरी भलत्याच क्षेत्रात, पण विषय काही सुटला नाही, आणि पुस्तकं सोडली तर या विषयातल्या जित्याजागत्या माणसांशी माझा संबंध उरलाय तो या टॉकमुळेच. बहुतेक टॉक फुकट असतात. मग फुकटच्या गोष्टीचा कसला रिव्ह्यू असं कोणी म्हणेल, पण दीड-दोन तास जातात हो, आणि तेही डोकं पूर्ण लावून बसावं लागतं, मागे लावून भांडी घासता घासता ऐकायचा हा प्रकारच नाही.

माझं मत आधीच देऊन टाकते म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. जरूर जा. पण टॉक कसा होणार हे वक्त्याच्या नावावरून ओळखायला जाऊ नका, ते चेअर, म्हणजे टॉक चालवणारं माणूस, कोण आहे आणि प्रश्नोत्तरांना किती वेळ ठेवलाय यावर ठरतं. जिथे पन्नास मिनिटं भाषण आणि शेवटी दहा मिनिटं "एखाद-दोन प्रश्न घेऊया" असा कारभार असेल तिथे जाऊच नका, सरळ त्या माणसाचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, काढून वाचा, जास्त कळेल आणि कमी वेळात कळेल.

ज्यांनी हा प्रकार कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिसर्च टॉक म्हणजे विषयाची ओळख करून देणारं व्याख्यान नव्हे. कांट कोण होता, उपयुक्ततावाद म्हणजे काय, असलं तिथे कोणी सांगत बसत नाही. वक्ता आपला अजून छापून न आलेला, बऱ्याचदा अर्धवट अवस्थेतला पेपर घेऊन येतो, पाऊण ते एक तास मांडतो, आणि मग समोरचे लोक तो पेपर उसवायला बसतात. वक्त्यालाही तेच हवं असतं, कारण उद्या जर्नलचा रिव्ह्यूअर जे विचारणार ते आजच कोणी विचारलं तर बरंच की. पहिल्यांदा गेलात तर सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सगळं डोक्यावरून जाईल, वाईट वाटून घेऊ नका, नीतिशास्त्रवाल्या प्राध्यापकालाही तर्कशास्त्राच्या टॉकमध्ये तसंच होत असतं, फक्त त्याला चेहरा शांत ठेवायची सवय असते.

टॉक शोधायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे फिलइव्हेंट्स. फिलपेपर्स ही फिलॉसॉफीच्या पेपरांची जी मोठी सूची आहे ना, डेव्हिड बूर्जे आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी उभी केलेली, तिच्याच घरातलं हे भावंड. कॉन्फरन्स, वर्कशॉप, सुटे टॉक, सगळं तिथे लागतं. नाव नोंदवायचं, मेलवर लिंक येते, झालं. काही ठिकाणी लिंक टॉकच्या आदल्या दिवशी येते, काही ठिकाणी टॉक सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, आणि एकदोन महाभाग असे आहेत की टॉक झाल्यावर "लिंक पाठवायची राहून गेली, क्षमस्व" असा मेल पाठवतात.

लोकांना वाटतं हे सगळं २०२० मध्ये लॉकडाउनमुळे सुरू झालं. सुरू आधीच झालेलं. २००९ मध्ये रिचर्ड ब्राउन या तत्त्वज्ञानं कॉन्शसनेस ऑनलाइन नावाची कॉन्फरन्स चालू केली, पूर्णपणे इंटरनेटवर, व्हिडिओ आधी टाकायचे, ठरवलेल्या लोकांनी त्यावर टिपणं द्यायची आणि मग लेखी चर्चा. म्युनिकचं मॅथेमॅटिकल फिलॉसॉफीचं सेंटर आपले टॉक रेकॉर्ड करून आयट्यून्स यू या ॲपलच्या लेक्चरांच्या प्लॅटफॉर्मवर टाकायचं, तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान यांत रस असलेल्या कितीतरी लोकांनी घरबसल्या तेवढ्यावर अभ्यास केला. (आयट्यून्स यू ॲपलनं २०२१ च्या अखेरीस बंद करून टाकलं, तेव्हा आवडतं रेकॉर्डिंग एकाच प्लॅटफॉर्मच्या भरवशावर ठेवू नये हे ज्याचं त्यानं ओळखावं.) २०२० मध्ये झालं एवढंच की जे मूठभर लोक हौसेनं करत होते ते सगळ्यांना नाइलाजानं करावं लागलं, आणि मग लक्षात आलं की अरे, वक्त्याला विमानात न बसवताही सेमिनार होतो. आता तो नाइलाज संपलाय, बऱ्याच ठिकाणी परत खोलीत बसायला सुरुवात झालीय, पण ऑनलाइनवाले पूर्ण गेले नाहीत. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशननं तर टू प्लस वन म्हणून प्रयोग घेतलाय, वर्षाला त्यांची तीन मोठी अधिवेशनं असतात, त्यातली दोन प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन.

आता टॉकच्या पद्धतींकडे येते, कारण इथे चॉइस करायला वाव आहे.

एक पद्धत जुनी, पेपर वाचून दाखवायची. फिलॉसॉफीवाल्यांना ही सवय फार, बाकीच्या विषयांतले लोक बघून हैराण होतात की हा माणूस खरंच पंधरा पानं खाली मान घालून वाचणार आहे का. हो, वाचणार आहे. खोलीत बसून हे सहन होतं, स्क्रीनवर होत नाही. लिहिलेलं वाक्य चार ओळींचं असतं, त्यात दोन अटी, एक अपवाद आणि एक "अर्थात" असतो, कानानं ते पकडता पकडता पुढचं वाक्य आलेलं असतं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय. असा वक्ता निघाला तर एकच उपाय, पेपरची फाइल मागा आणि समोर उघडून ठेवा. मागितली की देतात, लाजू नका.

दुसरी पद्धत स्लाइडची. हिच्यात धोका उलटा. वक्ता स्लाइडवर सगळी मांडणी आकड्यांनिशी टाकतो, पहिलं गृहीतक, दुसरं गृहीतक, म्हणून निष्कर्ष, छान दिसतं, पण तुम्ही दुसऱ्या गृहीतकावर अडलेले असताना तो तीन स्लाइड पुढे गेलेला असतो आणि मागे जायचं बटण तुमच्या हातात नाही. म्हणून मला जुनं हँडआउट केव्हाही प्रिय, एक-दोन पानं, त्यात महत्त्वाची वाक्यं नंबर टाकून, म्हणजे प्रश्न विचारताना "तुमचं चौथं वाक्य" एवढं म्हटलं की काम होतं. ऑनलाइन टॉकमध्ये हँडआउटची लिंक चॅटमध्ये टाकतात आणि इथे एक बारीक गोची आहे जी वर्षानुवर्षं चालू आहे तरी लोक शिकत नाहीत. झूमच्या मीटिंगमध्ये तुम्ही आत यायच्या आधी चॅटमध्ये जे टाकलं गेलं ते सहसा तुम्हाला दिसत नाही. त्यामुळे पाच मिनिटं उशिरा आलेला प्रत्येक जण विचारतो "हँडआउट कुठे आहे", मग कोणीतरी परत लिंक टाकतो, मग अजून एक जण येतो, तो विचारतो. चांगला चेअर काय करतो, लिंक रजिस्ट्रेशनच्या मेलमध्येच देतो. एवढ्या एका गोष्टीवरून मी सीरिजची पारख करते आणि अंदाज सहसा खरा ठरतो.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते, पेपर आधीच वाटायचा. लंडनची ॲरिस्टॉटेलियन सोसायटी, १८८० साली स्थापन झालेली, यासाठी नाव घेण्यासारखी आहे, दर पंधरवड्याला बैठक, पेपरचा मसुदा आधी वाचायला मिळतो, टॉकचं रेकॉर्डिंग नंतर ऐकायला मिळतं, आणि पेपर पुढे त्यांच्या प्रोसीडिंग्ज या जर्नलमध्ये छापून येतो. म्हणजे एकच मांडणी तीन अवस्थांत बघता येते. ज्याला फिलॉसॉफीत पेपर कसा घडतो हे बघायचंय त्यानं हे एकदा तरी करावं, मसुदा वाचावा, प्रश्न ऐकावेत, आणि छापील आवृत्ती आली की कुठली तळटीप नवीन आलीय ते शोधावं, बऱ्याचदा ती तळटीप म्हणजे त्या दिवशी मागच्या रांगेतून आलेला प्रश्न असतो. अर्थात आधी पेपर वाटला म्हणून वक्ता त्यावरच बोलेल याची खात्री नाही. १९२९ मध्ये नॉटिंगहॅमला ॲरिस्टॉटेलियन सोसायटी आणि माइंड असोसिएशनच्या संयुक्त बैठकीसाठी विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञानं तार्किक आकारावरचा पेपर दिला, तो छापूनही आला, आणि प्रत्यक्षात साहेब उभे राहून गणितातल्या अनंताबद्दल बोलले. तेव्हा हल्लीच्या एखाद्या वक्त्यानं "मी पेपरपेक्षा थोडं वेगळं बोलणार आहे" म्हटलं की चिडू नका, परंपरा मोठी आहे.

आता प्रश्नोत्तरं. इथे जरा सविस्तर लिहिते कारण बाकी सगळं पेपरमधून मिळतं, हे मिळत नाही.

फिलॉसॉफीच्या सेमिनारमध्ये हात आणि बोट असा एक रिवाज आहे, बाहेरच्यांना गंमत वाटते. नवीन प्रश्न असेल तर हात वर करायचा, आणि आत्ता चालू असलेल्या मुद्द्यालाच काही जोडायचं असेल तर फक्त बोट. चेअर हातांची यादी करतो, बोटवाल्यांना मध्ये घेतो. खोलीत हे नजरेनं चालतं. झूमवर हात वर करायचं बटण आहे आणि एक सोय अशी झाली की कोणी आधी हात वर केला ते यंत्रच क्रमानं लावतं, त्यामुळे चेअरच्या ओळखीच्या माणसाचा हात आधी दिसायचा जो जुना चमत्कार होता तो बराच कमी झाला. पण बोटाचं बटण नाही. मग बऱ्याच सीरिजनी चॅटमध्ये एक अक्षर टाकायची पद्धत काढली, नवीन प्रश्नाला एक अक्षर, बोटासाठी दुसरं. चालतं छान, फक्त सुरुवातीला चेअरनं समजावून सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर चॅटमध्ये सुटी अक्षरं पडत राहतात आणि नवख्या माणसाला वाटतं कोणाचं तरी मांजर कीबोर्डवर चढलंय.

मला लक्षात राहिलेला एक टॉक सांगते, नाव नाही सांगत कारण वक्त्याचा पेपर अजून तयार होतोय आणि त्याचं ते त्यानं सांगावं. विषय होता दोष देण्याचा. वक्त्याचं म्हणणं असं की माणसानं चूक केली आणि त्याला ती चूक आहे हे माहीतच नव्हतं, तर त्याला दोष देता येत नाही, दोष द्यायला आधी जाणीव हवी. मांडणी गुळगुळीत, उदाहरणं नीट, चाळीस मिनिटांत संपवलं. चेअर बाईंनी दोन मिनिटांचा ब्रेक दिला आणि सांगितलं की पहिला प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच घेणार, प्राध्यापकांनी हात खाली घ्या. एका मुलीनं विचारलं, समजा एखाद्या अधिकाऱ्यानं पुलाच्या तपासणीचा अहवाल मुद्दाम उघडलाच नाही, उघडला तर काहीतरी करावं लागेल म्हणून, आणि पूल पडला. त्याला माहीत नव्हतं हे खरं. मग तो सुटला का?

वक्ता गप्प. चार-पाच सेकंद, मग आणखी. चॅटमध्ये एकानं लिहिलं की वक्त्याचा व्हिडिओ अडकलाय बहुतेक. तेवढ्यात तो म्हणाला, "अडकलो नाहीये, विचार करतोय." मग त्यानं उत्तर दिलं की दोष पूल पडल्याचा नाही, दोष त्या सकाळी अहवाल न उघडण्याचा, कारण तेव्हा त्याला आपण काहीतरी टाळतोय हे माहीत होतं, म्हणजे दोष मागच्या एका जाणत्या कृतीकडे नेऊन ठेवायचा. ठीक वाटलं. लगेच एक बोट आलं, दुसऱ्या टोकाच्या कुठल्यातरी टाइम झोनमधून, खोलीत अंधार, चेहऱ्यावर फक्त स्क्रीनचा उजेड. त्यानं विचारलं, आणि त्या सकाळी त्याला खरोखर वाटत असेल की अहवाल न वाचणं ही साधी कामाची सोय आहे, त्यात गैर काही नाही, तर? मग त्या अज्ञानाचा दोष आणखी मागे न्यायचा, आणि तिथेही तसंच निघालं तर आणखी मागे. असं मागे मागे जात थांबायचं कुठे, आणि थांबायला जागाच नसेल तर तुमच्या तत्त्वानं जवळपास सगळेच निर्दोष ठरतात.

हा पेच नवीन नाही, दोषार्ह अज्ञानावरच्या चर्चेत तो बरीच वर्षं आहे, वक्त्यालाही माहीत होता. पण माहीत असलेला पेच आपल्याच उदाहरणात, आपल्याच शब्दांत समोर येणं आणि माणसानं सगळ्यांदेखत आपली मांडणी दुरुस्त करायला घेणं, हे बघण्यासारखं असतं. तो शेवटी म्हणाला की जाणीव हवी हे मी मागे घेत नाही, पण "जाणीव" म्हणजे पूर्ण स्पष्ट कळणं एवढंच मी धरलं होतं ते बहुधा टिकणार नाही. आता हे पेपरमध्ये कधी दिसेल? छापून येईल तेव्हा तिथे एक नेटका परिच्छेद असेल आणि ती चार-पाच सेकंदांची शांतता त्यात नसेल.

आणि हे जमलं ते चेअरमुळे. ब्रेक दिला नसता तर त्या मुलीनं हात वर केला नसता, आणि पहिला प्रश्न एखाद्या ज्येष्ठांनी घेतला असता तर तो प्रश्न कमी आणि स्वतःच्या जुन्या पेपरची आठवण जास्त झाला असता. चेअर कसं करावं यावर लिखाण उपलब्ध आहे, चाल्मर्सनीच फिलॉसॉफीतली चर्चा आदरानं, सगळ्यांना सामावून कशी करावी याची मार्गदर्शक यादी करून ठेवलीय, त्यात साध्या साध्या गोष्टी आहेत, एका वेळी एकच प्रश्न, चर्चा एकट्यानंच व्यापू नका, चेअरनं आधी न बोललेल्यांना पुढे घ्यावं. वाचली सगळ्यांनी असेल. पाळतात किती हे टॉकला बसलं की दहा मिनिटांत कळतं.

वाईट प्रश्नोत्तरंही भरपूर ऐकलीत. आपल्याकडे न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत ना, खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडायला वितंडा, तर झूमवर तिसऱ्या प्रकाराला भारी बरकत आहे. कॅमेरा बंद, नाव अर्धवट, अनम्यूट करून तीन आक्षेप ठोकायचे आणि परत म्यूट. खोलीत असं करणाऱ्याकडे सगळे वळून बघतात, त्याला नंतर दारात वक्ता भेटणार असतो, त्यामुळे भाषा आपोआप जरा सांभाळली जाते. ऑनलाइन ती भीडच नाही. उलट बाजूही आहे म्हणा, ज्यांना खोलीत बोलायची हिंमत होत नाही ते चॅटमध्ये फार सुंदर प्रश्न लिहितात, अगदी नेमके, दोन ओळींचे. चेअरनं ते वाचून दाखवले पाहिजेत. काही चेअर चॅट उघडतच नाहीत, आणि काही वक्त्याला बोलता बोलता चॅट वाचायला लावतात, दोन्ही नको.

तांत्रिक बाजूबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. आवाज महत्त्वाचा, चित्र नाही. वक्त्याचा चेहरा धूसर असला तरी चालतं पण माइक खोल विहिरीतून आल्यासारखा असेल तर "आवश्यक" म्हणाला की "अनावश्यक" हेच कळत नाही, आणि या विषयात तो फरक म्हणजे अख्खा पेपर. एका छोट्या वाचनगटानं फुकटच्या झूम अकाउंटवर टॉक ठेवला होता, तिथे चाळीस मिनिटांची मर्यादा असते, नेमका मुख्य निष्कर्ष येताना सगळे बाहेर फेकले गेले, परत लिंक येऊन आत जाईपर्यंत निम्मे गळाले. आपोआप येणारे कॅप्शन साध्या वाक्यांना ठीक चालतात, पण लॅटिन शब्द, माणसांची नावं, आणि तर्कशास्त्रातली चिन्हं बोलून दाखवली की त्यांची दाणादाण उडते. ऐकायला कमी येणाऱ्यांना हे कॅप्शन म्हणजे सोय नाही, गरज आहे, त्यामुळे हँडआउटचा आग्रह पुन्हा एकदा.

वेळेचं मात्र नीट बघा, इथे चांगले चांगले फसतात. टॉकची वेळ दिलेली असते ती तिकडच्या घड्याळाची, आणि अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे त्यांच्यातला नेहमीचा फरकच बदललेला असतो. शरद ऋतूत पुन्हा तेच, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. एखादी सीरिज वेळ यूटीसीमध्येही, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देत असेल तर समजायचं की चालवणाऱ्याला आपले श्रोते जगभर पसरलेत याचं भान आहे. दुपारच्या जेवणाच्या वेळचे टॉक, पिट्सबर्गच्या सेंटर फॉर फिलॉसॉफी ऑफ सायन्सचे लंचटाइम टॉक प्रसिद्ध आहेत, हे सेंटर १९६० पासूनचं, तर ती दुपार त्यांची असते, आपली कुठली वेळ येईल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

रेकॉर्डिंगबद्दल माझं मत जरा दुहेरी आहे. सोय निर्विवाद, वेळ जमली नाही तर नंतर बघता येतं, अवघड जागी थांबवून मागे जाता येतं, वक्ता संथ असेल तर सव्वापट वेगानं लावता येतं. ऑक्सफर्डची जॉन लॉक लेक्चर्स, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफीची व्याख्यानं, स्कॉटलंडची गिफर्ड लेक्चर्स, अशी रेकॉर्डिंग्ज हाताशी असणं हे मागच्या पिढीतल्या विद्यार्थ्याला खरं वाटलं नसतं. पण ती पक्की झालेली, मोठ्या माणसांची, तयार व्याख्यानं. चालू संशोधनाच्या टॉकचं रेकॉर्डिंग लावलं की खोलीचा रंग बदलतो. वक्ता "हे मला अजून नीट जमलेलं नाही" म्हणायला कचरतो, विद्यार्थी प्रश्न गिळतात, कारण चुकीचा प्रश्न युट्यूबवर कायमचा राहणार. म्हणून काही सीरिज भाषण रेकॉर्ड करतात आणि प्रश्नोत्तरांच्या आधी लाल ठिपका बंद करतात. शहाणपणाचं आहे. माझ्यासारखीला नुकसान होतं, कारण मला तोच भाग हवा असतो, पण मग लाइव्ह यावं, त्याला इलाज नाही.

ज्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं ते म्हणजे ज्यांच्या जवळपास डिपार्टमेंटच नाही असे लोक. व्हिसा मिळत नाही, प्रवासाचा खर्च झेपत नाही, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, तब्येतीमुळे प्रवास होत नाही, अशा किती जणांना पूर्वी हा दरवाजा बंदच होता. नाव नोंदवताना "संस्था" असा रकाना येतो, तो रिकामा सोडायला लोक घाबरतात. "स्वतंत्र" असं लिहा, कोणी विचारत नाही. एका सीरिजनं मात्र संस्थेचा मेल आयडी नसेल तर प्रवेश नाही असं ठेवलंय, त्यांना मी कारण विचारलं तर आगंतुक लोक येऊन गोंधळ घालतात असं उत्तर आलं. ते खरंही आहे, २०२० मध्ये असे प्रकार बरेच झाले, पण त्यासाठी वेटिंग रूम आहे की, एकेकाला बघून आत घ्यायचं.

जे मिळत नाही ते म्हणजे टॉकनंतरच्या गप्पा. वक्त्यासोबत जेवायला जायचं, तिथे तो सांगणार की तो तिसरा आक्षेप मला घरीच सुचला होता पण उत्तर नव्हतं म्हणून पेपरमध्ये घातला नाही, हे सगळं ऑनलाइनमध्ये हरवतं. ब्रेकआउट रूम, म्हणजे छोटे छोटे गट, करून बघतात, तिथे चार अनोळखी माणसं एकमेकांकडे बघत बसतात आणि कोणीतरी "तर तुमचा विषय काय?" म्हणेपर्यंत वेळ संपते. त्यापेक्षा टॉक संपल्यावर वक्त्यानं पंधरा मिनिटं तशीच लिंक चालू ठेवली, ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, तर ते बरं जमतं. तिथे राहा. गर्दी पांगली की बोलणं मोकळं होतं.

आणि शेवटी हायब्रिड, म्हणजे काही जण खोलीत आणि काही ऑनलाइन. नाव ऐकायला आधुनिक, अनुभव सगळ्यात वाईट. खोलीत तीस माणसं, एक लॅपटॉप, माइक वक्त्याच्या गळ्यात. भाषण ऐकू येतं आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की घरच्यांना फक्त उत्तरं ऐकू येतात. मध्येच खोली हसते, का हसली ते कळत नाही. वक्ता म्हणतो "हो, हा आक्षेप फारच महत्त्वाचा आहे," आणि कुठला आक्षेप ते त्या खोलीत राहतं. ऑनलाइनवाल्यांचे हात शेवटच्या दोन मिनिटांत आठवतात. चेअरनं प्रत्येक प्रश्न माइकवर परत सांगायचा एवढंच करायचं असतं, पहिल्या प्रश्नाला सांगतात, दुसऱ्याला सांगतात, तिसऱ्यापासून विसरतात. त्यामुळे हायब्रिड टॉकला नाव नोंदवण्याआधी आयोजकांना एक मेल टाका, खोलीतले प्रश्न आम्हाला ऐकू येतील ना. उत्तर "बहुतेक येतील" असं आलं तर त्या वेळात पेपर वाचा, आणि प्रश्न असेल तर वक्त्यालाच मेल करा, उत्तर देतात, माझ्या अनुभवात टॉकमध्ये दिलं असतं त्यापेक्षा लांब देतात.